ऐंशीचे साडेचौऱ्याहत्तर

"खोक्यावर ऐंशी लिहिलंय आणि इथे साडेचौऱ्याहत्तर दाखवतंय. बाकीचं कुठं गेलं?"

बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. नवी कोरी हार्ड डिस्क मी नुकतीच कॉम्प्युटरला जोडली होती आणि तिच्यात किती जागा आहे ते पडद्यावर उमटलं होतं. मला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. चेन्नईत, पेरुंगुडीतल्या एका ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचे मी. ऐंशी जीबीची डिस्क ऐंशी दाखवत नाही, हे तिथल्या चहावाल्यालाही ठाऊक असेल.

"असंच असतं, बाबा," मी म्हटलं.

झालं! माझ्या वडिलांसमोर हे दोन शब्द कधी काढायचे नसतात. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी सोलापूर आणि आसपासच्या बाजारपेठांत गेली. पारड्याला खालून चिकटवलेला चिंचेचा गोळा, आतून पोखरलेलं किलोचं वजन, बूड आत ठोकून वर घेतलेलं रॉकेलचं माप, असलं सगळं पकडण्यात त्यांची हयात गेलेली. पकडला गेलेला प्रत्येक दुकानदार हात चोळत त्यांना हेच म्हणायचा, "असंच असतं, साहेब." आता पोटची पोरगी तेच म्हणतेय म्हटल्यावर त्यांचा पारा चढणारच.

ते आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते, आणि सगळी भानगड त्या पाहुणेपणाचीच होती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा सोलापूरच्या घरी एकटे. हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, आणि शेजारच्या काकू दार ठोठावून ठोठावून थकल्या तेव्हा कुठं ते बाहेर कळलं. मला फोनवर म्हणाले, "काही नाही गं, जरा खरचटलंय." त्या खरचटलेल्या हाताला प्लॅस्टर घातलं होतं हे मला काकूंकडून समजलं. तेव्हापासून फोनची घंटा वाजली की मी हातातलं टाकून धावायचे. आता यांना एकटं ठेवायचं नाही, इथेच ठेवून घ्यायचं, असं मी आणि नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं.

पण बाबांना ठेवून घेणं म्हणजे काय खायचं काम होतं! लेकीच्या घरी बापानं पाहुण्यासारखं यावं आणि पाहुण्यासारखं जावं, हा त्यांच्याकडचा रिवाज. माझ्या आजोबांनी तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं म्हणे. बाबा तेवढे कडक नव्हते. पण येताना स्वतःचा साबण, स्वतःची चहापत्ती आणि साखरेचा डबा घेऊन आले होते. पुढच्या आठवड्यात परत जायचं हेही येतानाच ठरलेलं. मी विषय काढला की म्हणायचे, "बघू." बाबांचं "बघू" म्हणजे "नाही", हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तेवढ्या दिवसांत चेन्नईशी त्यांचं एकाच बाबतीत जमलं होतं, ते म्हणजे मापं. तमिळमधला एकच शब्द शिकले, "एव्वळवु", म्हणजे किती. संध्याकाळी माझ्याबरोबर भाजी आणायला यायचे आणि भाजीवाल्याचं पारडं खुशाल उलटं करून बघायचे. मी शरमेनं अर्धी व्हायचे. आणि फुलवाल्या बघितल्यावर तर त्यांनी कपाळावर हातच मारून घेतला. इथे मोगऱ्याचा गजरा हातावर मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, त्याला तमिळमध्ये मुळम म्हणतात.

"अगं, जिचा हात आखूड तिचं गिऱ्हाईक बुडालं की!" बाबा म्हणाले. मग कोपऱ्यावरच्या दोन्ही फुलवाल्यांच्या हातांकडे निरखून बघत मला हळूच म्हणाले, "त्या उंच बाईकडून घे." ठेंगण्या बाईला भाषा कळली नाही, पण मतलब बरोबर कळला. ती खो खो हसली आणि तिनं आपल्या टोपलीतली वेणी बोटभर जास्तीची तोडून माझ्या हातात ठेवली. बाबा ओशाळले. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलत होते, आणि आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते.

तर, हार्ड डिस्क. मी खुर्ची फिरवून त्यांना समजवायला बसले. "हे बघा बाबा, डिस्क बनवणारी कंपनी हजार-हजारानं मोजते. हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी. आपला कॉम्प्युटर मात्र दर पायरीला हजाराऐवजी एक हजार चोवीस धरतो. म्हणजे त्याचा जीबी मोठा. मग त्याच डिस्कमध्ये त्याला जीबी कमी भरणार ना?"

"चोवीस जास्त कशाला?"

"त्याचं सगळं दोनाच्या पटीत चालतं. दोनाची दुप्पट, त्याची दुप्पट असं करत गेलं की एक हजार चोवीस येतात."

"आणि कंपनीला?"

"कंपनीला हजार सोयीचे. शिवाय आकडा मोठा दिसतो."

"हां!" बाबांनी बोट वर केलं. "आता कळलं पाणी कुठं मुरतंय ते. अगं, मी नोकरीला लागलो तेव्हा नुकता किलो आला होता. प्रत्येक तालुक्याचा शेर वेगळा, पायली वेगळी. म्हाताऱ्या व्यापाऱ्यांच्या पाया पडून, वेळेला दमात घेऊन आम्ही ती जुनी मापं गोळा केली. कशासाठी? एका शब्दाला एकच माप असावं म्हणून. आणि तुम्ही शिकलेली माणसं पुन्हा तोच घोळ घालून ठेवता?"

"मी नाही घातला!"

"तू सामील आहेस," बाबा म्हणाले. "उद्या शनिवार. दुकानात जायचं."

नवऱ्याकडे मी मदतीसाठी बघितलं. तो वर्तमानपत्रात तोंड खुपसून हसत होता. "बाबा, मी आलो असतो, पण माझं ऑफिसचं काम आहे," म्हणाला. कसलं काम नि कसलं काय! बाबा मात्र त्याला आदरानं म्हणाले, "नाही नाही जावईबापू, तुम्ही तुमचं काम करा. हे काम माझं आहे."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पेनाशेजारी बारीक अक्षर वाचायचं भिंग, असा साज करून बाबा बसमध्ये बसले. माउंट रोडच्या मागे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची एक गल्ली आहे. एकेक दुकान कपाटाएवढं, आणि माणसं मात्र जत्रेसारखी. त्यात आमचा दुकानदार कपाळावर विभूतीचे पट्टे आणि डोक्यावर चष्मा चढवून बसला होता. माझं तमिळ भाजी आणि रिक्षा यांच्यापुरतंच. पण दुभाषी मीच.

"यांना सांग, माप कमी भरलंय. ऐंशीचे पैसे घेऊन साडेचौऱ्याहत्तर देणं हा गुन्हा आहे," बाबा म्हणाले.

मी दुकानदाराला म्हटलं, "सार, हे माझे वडील. डिस्कमध्ये जागा थोडी कमी दिसते, ती का, असं विचारतायत."

बाबांनी माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघितलं. "गुन्हा हा शब्द आला नाही."

"आला, आला. तमिळमध्ये लहान असतो."

दुकानदार भला माणूस. त्याला वाटलं डिस्कच बिघडलेली आहे. त्यानं दुसरं खोकं फोडलं, डिस्क जोडली. साडेचौऱ्याहत्तर. मग वेगळ्या कंपनीची काढली. तिचंही तेच. बाबा प्रत्येक वेळी "हं" म्हणत होते, आणि प्रत्येक "हं" आधीच्यापेक्षा मोठं होत होतं.

"म्हणजे सगळे मिळून!" ते शेवटी म्हणाले. "विचार याला, मापावर शिक्का कुठाय? दरवर्षी तपासून घेतल्याचा शिक्का लागतो."

हे मी कसं सांगणार, कपाळ! शिक्का शिक्का म्हणत मी हवेत ठप्पा मारून दाखवला. दुकानदारानं तत्परतेनं वॉरंटीचं चकचकीत लेबल पुढे केलं. मला हसू आवरेना. बाबांना वाटलं मी त्यांना हसतेय, म्हणून ते फुरंगटून खोकं घेऊन दाराशी उजेडात गेले आणि त्यांनी भिंग काढलं. खोक्याच्या सहाही बाजू ते सावकाश वाचू लागले. मागची गिऱ्हाइकं खोळंबली होती, कुणी कुरकुरत होतं. दुकानदारानंच त्यांना गप्प केलं आणि बाबांसाठी स्टूल मागवलं.

"लिहिलंय गं!" बाबा एकदम ओरडले.

मी धावत गेले. खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ होती: एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. इतकी वर्षं या धंद्यात असून मी ती ओळ कधी वाचली नव्हती.

बाबांचा सगळा नूरच पालटला. ते स्टुलावर बसले, खोकं मांडीवर घेतलं, पेन काढलं आणि एक हजार चोवीस गुणिले एक हजार चोवीस, पुन्हा गुणिले एक हजार चोवीस, असा गुणाकार खोक्याच्या पाठीवर मांडला. मी मोबाइलवर करून देते म्हटलं तर हातानं उडवून लावलं. एकशे सात कोटींच्या वर काहीतरी आकडा आला. मग खोक्यावरच्या ऐंशी जीबीचे झाले आठ हजार कोटी बाइट, त्यांना त्यांनी त्या आकड्यानं भागलं. दुकानदार गल्ला सोडून त्यांच्या खांद्यावरून बघत होता. भागाकार चौऱ्याहत्तरवर आला, पुढे दशांश चिन्ह, पुढे पाच.

"कणक्कु सरी!" दुकानदार म्हणाला. हिशेब बरोबर, एवढं बाबांना भाषांतराशिवायही समजलं. मग त्यानं फिल्टर कॉफी मागवली आणि मला सांगितलं की भांडायला दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं, पण गणित करून दाखवणारे हे पहिलेच.

बाबांनी कॉफीचा घोट घेऊन निकाल दिला. "यांना सांग, माप कमी नाही. जेवढं सांगितलंय तेवढं दिलेलं आहे. दोन फुलवाल्या आहेत झालं, एकीचा हात लांब नि एकीचा आखूड. पण कंपनीला म्हणावं, एवढी खरी गोष्ट इतक्या बारीक अक्षरात का लिहिता?"

या वेळी मी शब्द न् शब्द सांगितला. दुकानदारानं बाबांना हात जोडले.

बसथांब्यावर येईपर्यंत बाबा नुसते खुलले होते. पायलीच्या गोष्टी, आठवडी बाजारात पळून गेलेल्या तूपवाल्याची गोष्ट, मध्येच "शंभर कोटी, वा रे वा!" ऊन रणरणत होतं आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. किती बरं वाटत होतं मला त्यांना तसं बघून! मनात म्हटलं, आत्ताच विचारावं.

"बाबा, राहा ना इथेच. खरंच. कायमचे."

त्यांचा चेहरा पटकन मिटला. "नको गं. बघू."

"बघू नाही. आज सांगा."

"लेकीच्या घरी कायमचं राहतात का? लोक काय म्हणतील? जावईबापू भले आहेत म्हणून आपण पाय पसरायचे होय?"

"आणि मी मुलगा असते तर?"

"मुलाचं वेगळं असतं. असंच असतं ते."

माझं डोकंच फिरलं. आजूबाजूला सगळे तमिळ लोक, कुणाला काही कळणार नव्हतं, म्हणून मी आवाजही खाली घेतला नाही. "असंच असतं? हे तुम्ही म्हणताय? साडेपाच जीबी कमी दिसले म्हणून सकाळपासून अख्खी गल्ली डोक्यावर घेतलीत! मग मला सांगा ना, मला किती कमी धरलंय? मुलगा शंभर, तर लेक किती? पन्नास? दहा? तुम्ही तिकडे पडलात तर मला शेजारणीकडून कळतं. फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. हे तुमच्या तागडीत किती भरतं, सांगा!"

थांब्यावरची माणसं चुळबुळायला लागली. एक म्हातारी माझ्याकडे रागानं बघत होती. बापावर ओरडणं कुठल्याही भाषेत कळतं. आमची बस आली, माणसं चढली, बस गेली. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं उगाचच पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुला कमी नव्हतं धरलं."

"मग?"

"मोजलंच नव्हतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुझी आई गेली तेव्हा रात्री बसून मी विचार केला, आता आपलं कोण राहिलं. म्हटलं, कोणी नाही. तुझं नाव मनातसुद्धा आलं नाही गं. लेक दिली की दिली, एवढंच धरून चाललो."

मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. हे एवढं खरं ऐकायची माझी तयारी नव्हती. मी भर रस्त्यात हमसाहमशी रडायला लागले. त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. रागानं बघणारी ती म्हातारी उठली आणि तिनं मला आपल्या जागेवर बसवलं.

बाबा माझ्यासमोर उभे राहिले. कुठं हात ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी डोक्यावर ठेवला.

"राहतो," ते म्हणाले. "पण पाहुणा म्हणून नाही. उद्यापासून सकाळचं दूध मी आणणार."