ठमीच्या छातीतलं यंत्र
उरणजवळच्या मिठागरात ठमीनं तीस वर्षं मीठ ओढलं. दोन वर्षांपूर्वी तिथंच ती कोसळली आणि मरता मरता वाचली. मुंबईच्या इस्पितळात तिच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदयाचा ठोका बिघडला की ते आतून झटका द्यायचं. तेव्हापासून तिनं मिठागरात पाऊल टाकलं नव्हतं.

गणपतीनंतर यंत्रावरची कातडी लाल झाली, ठणकू लागली. गावातल्या डॉक्टरनं हातही न लावता गोळ्या लिहिल्या.

"मिठाच्या पाण्यात काम करता, अंग स्वच्छ ठेवत नाही. चिघळणारच."

"दोन वर्सं मी आगरात गेलीच न्हाय," ठमी म्हणाली.

तोवर त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

तीन महिने हेच. गोळ्या बदलल्या, बोलणं तेच. ठमी दिवसातून दोनदा अंघोळ करू लागली आणि अंगावर पाणी घेतानाच तिचं डोकं फिरायचं. त्या डॉक्टरचं खरं मानून आपण का घासतोय अंग? एका सकाळी पोलकं पुवानं भिजलं. जखमेतून यंत्राची चकाकती कड दिसत होती. सून अमिषानं तिला तडक मुंबईला नेलं.

"पहिल्याच आठवड्यात पाठवायला हवं होतं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र काढावं लागेल, हृदयात गेलेली तारही. ती आत चिकटलीय. काढताना जिवाला धोका आहे."

"चूक कोनाची?"

"तुमची नाही."

"मग तसं लिवा कागदावर."

बाईंनी लिहिलं.

चार तासांच्या ऑपरेशननंतर यंत्र आणि तार बाहेर आली. जखम पुरती भरेपर्यंत नवीन बसवता येणार नव्हतं. घरी सोडलं त्याच आठवड्यात ठमी गावातल्या दवाखान्यात गेली. बाकं भरलेली होती. तिनं अमिषाला कागद मोठ्यानं वाचायला लावला: रुग्ण तीन महिने वेळेवर दाखवत होती, पुढे पाठवण्यात उशीर झाला.

डॉक्टर लगबगीनं बाहेर आला. "मावशी, आत या, आपण बोलू."

"आत लय येळा बोलली मी. आता हितंच बोल. घान कोनाची होती?"

"थोडं चुकलं असेल माझं..."

"थोडं?" ठमीनं पदर बाजूला करून खांद्याखालचा खड्डा दाखवला. बाकावरची एक बाई आपली फाईल घेऊन उठली आणि चालती झाली.

बाहेर येऊनही ठमी तावातावानं बोलतच होती. अमिषानं घाबरून तिचं मनगट धरलं, ठोके बघू लागली.

"आई, आता शांत व्हा. आत यंत्र न्हाय."

"म्हाईत हाय मना," ठमी म्हणाली, आणि रिक्षात बसेपर्यंत शिव्या घालत राहिली.