आमच्या साडूंचा समुद्र

साऱ्या खानदेशात समुद्र एकाच माणसाच्या मालकीचा होता, आणि तो माणूस माझा साडू असावा हे माझं नशीब. तापी म्हणाल तर सगळ्यांची, गिरणा सगळ्यांची, आमच्या एरंडोलची अंजनी तर उन्हाळ्यात कोणाचीच नव्हे. पण समुद्र मात्र नानांचा. नाना म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मारवाडी शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाच्या तोलावर असत. उंची बेताची, मिशा भरघोस आणि आवाज जिनाच्या भोंग्याला जाब विचारील असा. त्या आवाजापायीच त्यांना समुद्र मिळाला. शेठच्या आईला गिरनार-द्वारकेची यात्रा करायची होती आणि वाटेतल्या हमालांवर ओरडायला कोणीतरी हवं होतं. यात्रेकरू वेरावळ बंदराला उतरून सोमनाथाच्या दर्शनाला गेले. नाना मात्र मासेमारीच्या होड्या बघत बघत किनाऱ्याने उत्तरेकडे भरकटले, आणि तिथं काळ्या खडकांत आतवर शिरलेली समुद्राची एक घळ त्यांच्या दृष्टीस पडली. झालं! शेठची आई पुण्य घेऊन परत आली, नाना घळ घेऊन आले.

आता यात मला वाईट वाटण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. तर मी एरंडोलच्या शाळेत भूगोल शिकवत असे. भरती-ओहोटी, चंद्राचं आकर्षण, खारे वारे आणि मतलई वारे हे सगळं मला मुखोद्गत होतं. फळ्यावर हिंदुस्थानचा किनारा मी खडू न उचलता काढीत असे. पण प्रत्यक्षात मी पाहिलेला पाण्याचा सगळ्यांत मोठा साठा म्हणजे पद्मालयाचं तळं, आणि तेही कमळांनी निम्मं झाकलेलं. नानांची इयत्ता जेमतेम चौथी. त्यांना वेरावळ नकाशात दाखवा म्हटलं तर ते लाहोरवर बोट ठेवीत. असल्या माणसाला समुद्र दिसावा आणि मला दिसू नये, यात परमेश्वराचं काही चुकलंय असं मला मनापासून वाटे.

बरं, पाहिला तर पाहिला, गप्प बसावं! पण नानांना जगातली कोणतीही गोष्ट घळीशिवाय दिसेनाशी झाली. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढली की ते आधी जेवत नसत. बट्ट्या फोडून त्यांचे दोन कडे उभे करीत, मधे अरुंद वाट ठेवीत आणि वाढप्याला म्हणत, "आते वरण सोड. हळू नको, जोरमा सोड!" वरण बट्ट्यांच्या मधून घुसे, मागच्या भाताच्या ढिगाला आपटे, आणि सगळी पंगत आपापली पानं सोडून नानांच्या पानाकडे वाकून बघे. माझ्या शेजारी बसलेला माझा सख्खा मेहुणासुद्धा! एकदा मी म्हटलं, "नाना, याला शास्त्रात विशिष्ट कारण आहे. मऊ खडक झिजतो आणि कठीण खडक उरतो." नाना मोठ्या मायेने म्हणाले, "व्हई, व्हई. मास्तर वाचेल शेत." म्हणजे मास्तरांनी वाचलंय. सगळी पंगत हसली. ते बोलले त्यात वाकडं काहीच नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

तिथी पाहून ते वेरावळची भरती सांगत. कोणाच्या बारशाला, कोणाच्या दहाव्याला, मारुतीच्या पारावर, मधेच बोलणं थांबवून ते मान वर करीत आणि म्हणत, "आता तिकडं पाणी चढायला लागलं असेल." आणि लोक खरोखर क्षणभर गप्प बसत! एका पावसाळ्यात अंजनीला पूर आला. काठची घरं रिकामी करायची वेळ आली, बायका नदीची ओटी भरत होत्या, आणि नाना काठावर उभे राहून त्या गढूळ लोंढ्याकडे, लग्नात आलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे पाहावं तसे पाहत होते. "घाबरू नका," ते म्हणाले, "याले गुरगुरता येत नहीं." जिनात तर त्यांनी कहर केला. कापसाच्या दोन गाठी उभ्या करून मधून सरकीचं आख्खं पोतं ओतलं, हमालांना लाट कशी शिरते ते दाखवायला. मीही त्या दिवशी तिथं गेलो होतो. तेवढ्यात शेठ आले. आता नानांची नोकरी जाते, असं वाटून मी (खोटं कशाला बोलू) थोडा पुढे सरकलो. शेठ बराच वेळ त्या सरकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाना, फेर करो." पुन्हा करा!

शेवटचा घाव घरातूनच बसला. एका संध्याकाळी मी जेवायला बसलो तर बायको भाकरी थापता थापता थांबली, तिने बाहेर चंद्राकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी म्हणत होते, पुनवेला तिकडं पाणी पार कड्यावर येतं." मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "ते कशाने येतं हे तुला कोणी शिकवलं? मी!" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही शिकवलं. त्यांनी पाहिलं." आणि मग, बहुधा माझ्या चेहऱ्याची दया येऊन, म्हणाली, "असं करा, दिवाळीच्या सुट्टीत एकदा जाऊनच या. भाऊजींना सोबत घ्या. म्हणजे घरातली ही धुसफूस तरी मिटेल."

मी गेलो. मनात एक वाक्य पक्कं करून गेलो. घळीच्या काठावर उभं राहायचं, एक नजर टाकायची आणि म्हणायचं, "एवढंच होय, नाना?" बस. या तीन शब्दांत इतक्या वर्षांचा हिशेब मिटणार होता. धरणगावला सुरतेच्या गाडीत बसल्यापासून मी ते वाक्य मनात घोळवत होतो. सुरत गेलं, वीरमगाम गेलं, गाड्या बदलल्या, डोळ्यांत कोळशाची कुसं गेली. नाना वाटेत भेटेल त्या माणसाला "आमचे मास्तर समुद्र बघायला चाललेत" असं सांगत होते, जणू मला मुंजीला घेऊन चालले आहेत. मी हसून मान हलवी आणि मनात म्हणे, थांबा थोडे.

वेरावळला उतरलो तेव्हा सकाळ होती. बंदरात होड्या एकीला एक लागून उभ्या होत्या, आणि वाळत घातलेल्या मासळीचा असा वास सुटला होता की माझ्या सात पिढ्यांनी एकदम नाक धरलं असतं. नाना मात्र छाती भरून तो वास घेत होते. वाळू संपली आणि खडक सुरू झाले. काळे, सच्छिद्र, विळ्यासारख्या धारेचे. चपलेतून टोचत होते. नाना पुढे, मी मागे. पाणी अजून दिसत नव्हतं, पण पायांखाली कुठंतरी खोल काहीतरी घुमत होतं. एका ठिकाणी नाना थांबले, माझा हात धरला आणि मला पुढे करून स्वतः मागे सरले.

मी खाली पाहिलं. दोन कडे समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल न जाईल एवढी फट, आणि त्या फटीतून हिरवंगार पाणी उंच उठून आत येत होतं. घाईने नव्हे; सावकाश, अंगात बळ असलेल्या माणसासारखं. आत आलं, टोकाला जाऊन आपटलं, पांढरं होऊन आभाळात गेलं, आणि मग सगळी घळ असा श्वास ओढी की खडकांमधले गोटे खडखडत समुद्राकडे पळत. आणि पलीकडे, फटीच्या बाहेर, पाणी. संपतच नव्हतं. ज्याची कड मी फळ्यावर खडू न उचलता काढीत असे, ते हे.

माझं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. मी खाली उतरून एका सपाट खडकावर बसलो. तोंडावर खारट तुषार येत होते ते मी पुसले नाहीत. किती वेळ बसलो सांगता येणार नाही. कधीतरी भान येऊन वळून पाहिलं तर नाना शेजारी बसले होते, आणि ते पाण्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतला भाव मी लगेच ओळखला. आरशात तो मी पुष्कळदा पाहिला होता.

"मास्तर," ते हळू म्हणाले. नानांचा आवाज हळू होऊ शकतो हे मला तेव्हाच कळलं. "तुमनं नशीब मोठं शे. तुम्ही आज पहिल्यांदा दखी राह्यनात. मनं ते व्हई गयं."

त्यांचं ते पहिल्यांदा पाहणं होऊन गेलं होतं. बसलो दोघेही.

आणि या बसण्यात, एरंडोलच्या पारावरून वेरावळची भरती सांगणारे नाना वेरावळात बसून भरती विसरले. वरून कोणीतरी ओरडलं तेव्हा आम्ही पाहिलं, ज्या खडकांवरून उतरून आलो ते खडकच नव्हते. आमच्या चारी बाजूंनी पाणी होतं. कड्यावर एक कोळीण उभी होती. पाटी डोक्यावर, हात कमरेवर. "पाणी चडे छे! आंधळा छो?" ती ओरडली. मी माझ्या स्वच्छ पुस्तकी मराठीत मदतीची विनंती केली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. नानांनी मात्र जिनातला आवाज लावला, "माय वं, आठे अडकी गऊत! दोर शे का दोर?" तिच्या 'छे'ला नानांचा 'शे' बरोबर जाऊन भिडला. ती धावत जाऊन जाड दोर आणि दोन माणसं घेऊन आली. आधी मला ओढलं. नानांनीच मला पुढे ढकललं. त्यांची पाळी येईतो एक लाट त्यांच्या कमरेपर्यंत चढली आणि जाताना त्यांचं पागोटं घेऊन गेली. वर आल्यावर कोळिणीने आम्हांला मनसोक्त शिव्या दिल्या. नानांनी त्या सगळ्या हात जोडून ऐकल्या आणि मग तिच्याकडे तिच्या मुलाबाळांची चौकशी केली. निघताना ती त्यांना भाऊ म्हणत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. एवढ्या गडबडीतसुद्धा मला ते खुपलं.

परतीच्या गाडीत नाना गप्प होते. घरी आलो, माणसं जमली, माझी बायको आणि मेहुणी दाराशी उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांनी सवयीने नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तरांले इचारा. त्यास्नं ताजं शे." त्या दिवसापासून त्यांनी घळीचं नाव काढलं नाही. कोणी आग्रह केला तरी बोट माझ्याकडे. मग मी सांगे. कड्यांची दिशा, खडकाची जात, पाण्याचा रंग, काही सोडत नसे. लोक ऐकून घेत. मधेच कोणी पान लावी, कोणी गुरं बांधायला उठे. जे मिळवायला मी इतकी वर्षं जळलो ते त्यांनी मला असं सहज देऊन टाकलं, आणि माझ्या हातात ते नुसतं ओलं होऊन पडलं.

नाना शेवटी फार थकले. जिन सुटलं, आवाज बसला. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसले होते. शेजारची दोन-तीन माणसं होती. कोणीतरी म्हणालं, मास्तर, ते समुद्राचं सांगा. मी सुरुवात केली. नानांनी हात वर केला.

"तसं नहीं, मास्तर. मी सांगस."

आणि त्यांनी घळीची गोष्ट सांगितली. पण कडे नव्हते तिच्यात, लाटाही नव्हत्या फारशा. होता तो एक माणूस. डोक्यावर टोपी, अंगात कोट, खूप शिकलेला आणि कशावर तरी रागावलेला. तो खडकांवरून चालत येतो. काठाशी येतो, खाली बघतो. मग त्याच्या तोंडावरचा राग कसा उतरतो, भुवया कशा वर जातात, ओठ कसे लहान पोरासारखे उघडे राहतात, आणि गाल भिजले तरी तो ते पुसत कसा नाही, हे नाना सांगत गेले. बसल्या आवाजात सांगत होते, पण खाटेभोवती कोणी हललं नाही. मीही नाही. मी त्या माणसाकडे बघत राहिलो, आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटला.