दोन धारांची बोली

रायबा ढेबे पोटाला कान लावत नाहीत तोवर पोलादपूर तालुक्यात म्हैस दावं बदलत नाही, असं लोक म्हणतात. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. गाडीरस्ता संपला की पुढे तासभर चढ. तरीही कुणाला म्हैस घ्यायची झाली की आधी त्यांना निरोप जातो. ते येतात, म्हशीच्या पाठीवर तळवा ठेवतात, पोटाला कान लावतात, आणि मालक काय बडबडतोय तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. "खरं काय ते म्हशीच्या पोटात असतं, मालकाच्या तोंडात नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिवाय एक अट. संध्याकाळची एक नि सकाळची एक, अशा दोन धारा आपल्या गोठ्यात काढून बघितल्याशिवाय सौदा नाही.

म्हशीपुरतं हे ठीक आहे. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर हा गृहस्थ माझ्या दुकानात आला. महाडच्या बाजारपेठेत माझं वाद्यांचं दुकान आहे आणि माझं डोकं जरा लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो.

बरोबर त्यांची मुलगी होती, संजीवनी. दासगावकडे शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिने गिटार माझ्याकडूनच नेली होती, आता तिला अँप्लिफायर हवा होता. तिचं म्हणणं स्वच्छ होतं. एकादशीच्या भजनात वाजवायचं तर सूर न् सूर सुटा, निर्मळ ऐकू यायला हवा. आणि हळदीच्या कार्यक्रमात तोच आवाज फाटून गुरगुरायला हवा. अँप्लिफायरच्या दोन पेट्या डोक्यावर घेऊन डोंगर चढणं काही होत नाही, म्हणून एकाच पेटीत दोन्ही पाहिजे.

सावित्री नदीचं पाणी एकदा दुकानात शिरून गेल्यापासून महागाचा माल मी माळ्यावर ठेवतो. तिथून पेट्या उतरवताना संजीवनी शिडी धरून उभी होती. हळूच म्हणाली, "प्रवीणभाऊ, आमच्या बाला माझं वाजवणं आवडत नाही. तीन वर्षं झाली, नुसती मान हलवतो आणि गोठ्यात निघून जातो. चांगला आवाज असला, तर एकदा तरी बसून ऐकेल." मला वाईट वाटलं. आमच्याकडे गिऱ्हाईक लग्नाची घाई घेऊन येतं, असली मागणी घेऊन कुणी येत नाही.

दोन पेट्या काढल्या, एक काळी आणि एक करडी. रायबाकाका टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होते. दात बघून माझं वय काढतायत की काय, असं वाटून मी तोंड मिटून घेतलं.

"खाते किती?" त्यांनी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"तीस वॅट," मी म्हणालो.

"आणि देते किती?"

आता याला काय सांगणार, कपाळ? संजीवनीने करड्या पेटीवर निर्मळ आवाज लावून चार सूर छेडले. काका वाकले, जाळीला कान लावला आणि उठून म्हणाले, "भाकड हाय."

माझी पंधरा वर्षांची दुकानदारी आणि माझ्या पेटीला भाकड म्हणतात! मी तिरीमिरीत काळी पेटी लावली. तिच्यात निर्मळ आवाज नावालाच, पण गेनचं बटण चढवलं की आवाज असा फाटतो की फळीवरच्या झांजा आपोआप वाजायला लागतात. काकांनी पेटीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हां! सोडला बघ पान्हा. हीच घे गो."

"बा, हिच्यावर भजन होणार नाही," संजीवनी म्हणाली. तिला करडीच हवी होती. बापलेकीची जुंपली आणि शेवटी काकांनी ठरलेली अट काढली. दोन्ही पेट्या वाडीवर न्यायच्या, दोन धारा बघायच्या, मग सौदा.

"काका, ही मशिनं आहेत!"

"म्हनून तर. म्हस निदान वरडून तरी सांगते."

माझा माल एकटा डोंगरावर पाठवायला मी काही वेडा नाही. रविवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर निघालो. काळी पेटी काकांच्या डोक्यावर, करडी माझ्या. पासष्टीचा माणूस पुढे झपाझप चालला होता आणि मी मागून दर दहा पावलांवर माझ्या धंद्याला शिव्या देत होतो.

संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यासमोर काळी पेटी लावली. संजीवनीने गेन चढवून पहिला फटका मारला मात्र, म्हशीने चरवी उडवली. काकांची बायको ठकूबाई दुधाने न्हाऊन उठल्या.

"आता चहाला दूध तुमच्या पेटीतनं काढा!" त्या माझ्यावर कडाडल्या. काका मात्र तळवा पेटीवर ठेवून समाधानाने हसत होते.

सकाळी करडीची पाळी. संजीवनीने निर्मळ आवाजात एक अभंग धरला. काय सांगू! दुकानात दिवसभर बेसूर गिटारी ऐकून माझे कान किटलेले, तरी मी होतो तिथेच खाली बसलो. म्हशी डोळे मिटून रवंथ करत होत्या आणि ठकूबाईंच्या चरवीला फेस चढत होता. काका आमच्याकडे पाठ करून दावं वळत बसले होते. अभंग अर्धा झाला. त्यांनी मान वळवली.

"कवा सुरू करतेस गो? का लाईट गेली?"

संजीवनीचा हात तारांवरच थांबला. मग ठकूबाईंनी चरवी खाली ठेवली.

"चार वर्सं झाली कान जाऊन," त्या म्हणाल्या. "आपला मोठ्यानं बोलतो, समोरच्याचं तोंड बघून समजून घेतो. म्हशीला कान लावतो तो लोकांना दावायला. वळखतो सगळं हातानं. बाजारात पत जाईल म्हनून कुनाला सांगू देत नाय."

मला दुकानातली ती नजर आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. (हे लिहू का, असं मी नंतर काकांना विचारलं. म्हणाले, "लिव. म्हशी वाचत नाय.")

संजीवनी रडली. मग उठली, करडी पेटी उचलून बापाच्या मांडीवर ठेवली आणि त्याचे दोन्ही तळवे पेटीच्या पाठीवर दाबून धरले. आवाज निर्मळच ठेवला, फक्त वाढवला. अभंग परत सुरू झाला. काकांनी डोळे मिटले. एखादी गाभण म्हैस तपासावी तसे त्यांचे तळवे जागा बदलत होते, थांबत होते. मग तिने गेन चढवला. पेटी गुरगुरली, ठकूबाईंनी धावत जाऊन चरवी कवटाळली आणि काका हसले.

"ही घे," ते म्हणाले. "दोन्ही वेळची हाय."

सौदा झाला. मी उठून वायर गुंडाळायला लागलो, तर काकांनी माझा हात बाजूला केला. संजीवनीकडे बघून ते बोलले, आणि त्या वेळी पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता.

"जल्मात कुठला सौदा हात लावल्याबिगर केला नाय. तुझ्या वाजवन्याला तेवडी तीन वर्सं नुसती मान हलवली. खोटी मान होती ती, गो. आता पयल्यापास्नं वाजव."

"तीन वर्षांचं सगळं, बा?" डोळे पुसत संजीवनी म्हणाली.

"मग? धारा झाल्या. आता कसली घाई हाय?"