वैजनाथच्या नावानं आलेला हुकूम

तर टाकी रिकामी झाली, इथपर्यंत काल आलो होतो. वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह भरदुपारी उघडला तो उघडाच राहिला, सगळं पाणी गटारात गेलं आणि आळ आला पाणी सोडणाऱ्या वैजनाथवर. आमच्या गावात आता व्हॉल्व्ह फोनवरनं उघडतो, आणि पंचायतीच्या नोंदीत नाव त्याचंच होतं. सरपंच रणधीरनं सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो. बावीस वर्षांची चाकरी. वैजनाथ माझ्या ओट्यावर येऊन बसला, पण चहाला हात लावला नाही.

माणूस कसा, ते ऐका. व्हॉल्व्हला लोखंडी चावी होती तेव्हा ती पारापाशी वाण्याकडं टांगलेली असायची. कुणाकडं बारसं असो, लग्न असो, ज्यानं त्यानं न्यावी. फोन आला, तर ह्यानं तोच शिरस्ता ठेवला आणि पासवर्ड निम्म्या गावाला सांगितला. मग त्याच्या नावानं कुणीही हुकूम सोडणार, यात नवल काय?

यंत्रणा बसवली होती कळंबच्या राजेश्वरीनं. तिनं पासवर्डच काढून टाकला. म्हणाली, आता वैजनाथमामांच्या फोनात एक गुप्त किल्ली राहील, ती बाहेर निघत नाही. फोन त्या किल्लीनं प्रत्येक हुकमावर सही करील, आणि दर हुकमाची, दर वेळेची सही वेगळी. मी चौथी पास, पण शंका काढलीच: पंचायतीच्या कॉम्प्युटरला सही ओळखता येते, मग तिथं बसून कुणी नक्कल नाही का करणार?

ती हसली. "आजोबा, सराफाला खरं नाणं ओळखता येतं, म्हणून काय त्याला नाणं पाडता येतं?"

मला लई आवडलं ते. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतोय.

आठव्या दिवशी तिनं आम्हाला पंचायतीत बोलावून नोंद दाखवली. सकाळी सातचा हुकूम: सही बरोबर, पाणी सुटलं. दुपारी दोनचा: पुन्हा वरच्या गल्लीचाच व्हॉल्व्ह, नाव वैजनाथचं, जुना पासवर्ड, सही नाही. कॉम्प्युटरनं तो झिडकारला होता. टाकी भरलेलीच.

रणधीरनं दोनदा वाचलं. चूक झाली मामा, म्हणाला, आणि लगेच तापला: कोण आहे तो, शोधूनच काढतो.

वैजनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सरपंच, नका शोधू. वरच्या गल्लीला पाणी कमी पडतंय, ते मलाबी ठावं हाय. उद्यापासनं तिकडं अर्धा घंटा जादा सोडतो. कुणी इचारलं तर सांगा, वैजनाथनं सोडलं."