कारणाचा रकाना

“मॅडम, सही करा, मग जेवायला जाऊ,” कुलगुरू म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कागदावर एकच शेरा होता: एनएफएस.

हा आमच्या मुलाखतींतला शब्द. नन फाउंड सुटेबल, म्हणजे आलेल्यांत कुणीच लायक नाही. राखीव जागेवर हा शेरा फार लवकर पडतो. आमच्या सरकारी विद्यापीठात मी फिजिऑलॉजीची विभागप्रमुख. शरीराचं काम कसं चालतं, ते शिकवणारा हा विषय. आमची सहायक प्राध्यापकाची राखीव जागा याआधी दोनदा अशीच रिकामी राहिली होती. या खेपेला भरली नाही तर पदच रद्द होणार होतं. शिकवायला आम्ही दोघंच उरलो होतो आणि त्यातली मी पुढच्या वर्षी रिटायर.

मी पेनाला हात लावला नाही. सकाळी मी जे पाहिलं ते निवड समितीतल्या या मंडळींनीही पाहिलं होतं.

उमेदवार डॉ. रेखा वाघमारे, रेणापूरची. पीएचडी, नेट पास. सात वर्षं लातूरला तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर आणि उन्हाळ्यात घरी. डेमो लेक्चर सहसा फक्त समितीपुढे होतं. समितीला सगळं येतंच, निदान तिचा तसा समज असतो. म्हणून मी पहिल्या वर्षाची दहा पोरं आणून बसवली. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ सरांनी नाक मुरडलं.

रेखाने एका पोराला टेबलावर आडवं झोपवलं, बीपी मोजलं. मग झटकन उभं करून पुन्हा मोजलं.

“काय होलालंय?”

“जरा अंधारी आल्यावानी वाटलालंय, मॅडम.”

“हाव. रक्त पायाकडं उतरलं. थांब आता असाच.”

थोड्या वेळाने आकडा परत वर आला. मानेतल्या रक्तवाहिनीने मेंदूला कसं कळवलं, मग हृदयाने वेग कसा वाढवला, हे तिने फळ्यावर काढून दाखवलं. मुदखेडची शबाना वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिने विचारलं, “रोज्यात संध्याकाळी उठलं की लई गरगरतं, ते हेच का?”

“हेच. अंगातलं पाणी कमी झालं की हृदयात रक्तही कमी भरतं. मग सावरायला वेळ लागतो.”

शबानाने ते वहीत लिहून घेतलं. मला तर तिथेच उठून रेखाला ऑर्डर द्यावीशी वाटली.

“विषय येतो तिला,” तज्ज्ञ आता म्हणत होते, “पण इंग्रजी अडखळतं. आणि ती ‘होलालंय’ म्हणते हो.”

“पोरंही तसंच म्हणतात. तिने त्यांनाच शिकवायचंय.”

“मॅडम, हट्ट सोडा,” कुलगुरू म्हणाले.

“सोडते. फक्त एनएफएससमोर कारणाचा रकाना आहे, तो भरा. ज्याने त्याने आपल्या अक्षरात, खाली सही करून. माझं मत मी वेगळं लिहीन, सोबत आजच्या डेमोचा वृत्तांत जोडीन.”

“असं कुणी करत नाही.”

“म्हणूनच तर जागा रिकाम्या राहतात, सर.”

माझे पेन्शनचे कागद कुलगुरूंच्या याच टेबलावरून जाणार होते, हे मला माहीत होतं. तरी मी रकान्यावर बोट ठेवून कागद तज्ज्ञांपुढे सरकवला.

तज्ज्ञांनी पेन उघडलं. ‘भाषा’ लिहिलं, खोडलं. ‘व्यक्तिमत्त्व’ लिहिलं, तेही खोडलं.

“खाडाखोडीवरही सही लागते, सर,” मी म्हणाले.

मग त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं. कुलगुरूंनी बेल वाजवली आणि शिपायाला नवा कागद आणायला सांगितलं. त्यावर रेखाचं नाव लिहिलं गेलं आणि सगळ्यांत आधी मी सही केली. जेवण थंडच झालं होतं, पण मी पोटभर जेवले.

रेखा जुलैत रुजू झाली. मला मात्र निवड समितीवर पुन्हा बोलावणं आलेलं नाही. यातून मी शिकले ते एवढंच: तोंडी नाकारताना माणसाला काही वाटत नाही, लिहायला लावलं की लाज वाटते. कधी चुकून बोलावलंच, तर मी तो रकाना मुलाखती सुरू होण्याआधीच मोठ्याने वाचून दाखवणार आहे.