चाप ओढताना

इस्लामपुरात माझी सायकल दुरुस्त करणारे ते गृहस्थ काही विचारलं की आधी हात पुसत, मग हळू बोलत. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी एका फौजदाराला गोळी घातली होती. वीस वर्षं झाली तरी गाव त्यांना मानायचं. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेनं त्यांचा सत्कार ठेवला. व्यासपीठावर मी हार घालू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, देशासाठीच गेलतो. पर त्या फौजदारानं माझ्या बापाला चावडीत फोडून काढलं हुतं. चाप वडताना मला बापच दिसला, देश न्हाई."

"पण जुलमीच होता ना तो?"

"व्हय. पर त्याला बी पोरगं हुतं. त्या पोराला आता डोळ्यांम्होरं कोण दिसत आसंल?"

हार माझ्या हातातच राहिला. ते खाली उतरून मुलांत जाऊन बसले.