पॅरामाउंटच्या पुढचा शब्द

स्वराज्य मिळालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आमच्या गावात उंदीर पडले. उंदीर मरून पडले की प्लेग आला समजून गाव सोडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माणसं रानात कडब्याच्या खोपी घालून राहत. निघताना घरांवरची कौलं, पत्रे, जे असेल ते उतरवून ठेवत, म्हणजे आत ऊन पडावं आणि रोग जळावा.

मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. सुट्टीत खोपीत राहायला आलो तो डोक्यात इंग्रजीचा पेपर घेऊन. आमच्या सरांना निबंधात ‘इंपॉर्टंट’ हा शब्द दुसऱ्यांदा दिसला की राग यायचा. त्याच्याऐवजी वापरायचे शब्द त्यांनी पाठ करायला सांगितले होते. मेन, चीफ, प्रिन्सिपल, फोरमोस्ट, पॅरामाउंट. त्याच्या पुढे एक शब्द होता, तो मला कधीच वेळेवर आठवायचा नाही. अर्थ मात्र पक्का लक्षात होता. सर म्हणाले होते, जे गेलं की जीवच जातो, त्याला हा शब्द.

“काय पुटपुटतुयास सकाळधरनं?” वडिलांनी विचारलं.

“सगळ्यात महत्त्वाचं, याचे इंग्रजी शब्द आहेत, दादा.”

“एका गोष्टीला इतके? आन त्यातला खरा कुठला?”

नानी, म्हणजे माझी विधवा थोरली चुलती, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हसली. “सायबाच्या घरी समदंच म्हत्त्वाचं असंल, बाबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानी खोपीत नव्हती. ऊन चढलं तरी आली नाही. वडील आणि शेजारचे गडी विहीर आणि ओढा बघायला गेले. विहीर का, हे कोणी बोललं नाही. जाताना वडील मला म्हणाले, “तू नगरात टोचून घेतलंयस. गावात तू बघून ये. आन ध्यानात ठेव, वरडू नको.”

ते मला सांगायची गरज नव्हती. मोकळ्या गावात हाक मारायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मारलीच तर तीनदा मारायची. आणि आपल्याला कोणी मारली तर तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं म्हणतात. मी कॉलेजात विज्ञानाची व्याख्यानं ऐकली होती. तरी वेशीतून आत शिरताना मी घसा खाकरायचंही टाळलं.

भर दुपार होती. घरांच्या आत कधी न पडलेलं ऊन पडलं होतं. देवळीतली काजळी, चुलीचं तोंड, रिकाम्या पाळण्याची दोरी, सगळं उघड्यावर. वाशांच्या सावल्या जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरल्या होत्या. एक कुत्रं नाही, एक चिमणी नाही. माझ्याच बुटांचा आवाज मला पाठीमागून आल्यासारखा वाटायचा. धीर यावा म्हणून मी शब्द म्हणायला लागलो. मेन, चीफ, प्रिन्सिपल, फोरमोस्ट, पॅरामाउंट. तिथं अडायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

आमच्या बोळात वळलो तेव्हा ठक्ठक् असा आवाज आला, भांड्यावर दगड मारावा तसा. मी ‘चीफ’ म्हटलं आणि तो थांबला. मी गप्प उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पुन्हा ठक्. मी बोललो की थांबे, मी गप्प झालो की सुरू होई. आवाज आमच्याच घरातून येत होता.

दार आतून कशाने तरी अडलं होतं, जेमतेम चार बोटं उघडत होतं. आत अंधार नव्हता, नुसतं ऊन होतं, आणि त्याचंच जास्त भय वाटलं.

“नाने!” मी हाक मारली. ठक्ठक् बंद झालं.

“नाने!” काहीच नाही. कोणीतरी श्वास धरून ठेवल्यासारखी शांतता.

तिसऱ्या हाकेला माझी जीभ उचलेना. वाटलं, वडिलांना घेऊन यावं. पण तोवर? आत तीच असेल तर? आणि ती नसेल तर तिसऱ्या हाकेला ओ कोण देईल? मी डोळे मिटले आणि हाक मारली.

आतून अगदी बारीक आवाज आला. “मानूस हायेस का?”

“मी आहे, नाने. मीच.”

“मग पाय दाव.”

मी फटीतून पाय आत घातला.

“बुटात काय कळतंय, मुडद्या? उलटा हाय का सुलटा? काढ ते!”

मी खाली बसून बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाय उंबऱ्याच्या आत धरला. तिच्या गार बोटांनी माझा अंगठा चाचपला, मग टाच. मग ती रडायला लागली.

ती धान्याच्या कणगीवर चढली होती आणि कणगीसकट कोसळली होती. कणगी दाराला आडवी पडली होती आणि तिचा पाय घोट्यात मोडला होता. हाक मारायची नाही, म्हणून ती पडल्या जागी दगडाने तांब्या ठोकत होती. मी खांद्याने दार रेटून आत शिरलो. भिंतीवर शेणात थापून ठेवलेलं दुधीचं आणि दोडक्याचं बी काढायला ती आली होती. ते तिच्या ओटीत घट्ट बांधलेलं होतं.

“यासाठी आलीस?”

“मग? आवंदा बी ग्येलं तर पुढं लावायचं काय?”

मी तिला पाठीवर घेतलं. वेशीबाहेर आल्यावर तिने विचारलं, “त्यो मंतर तू म्हनत हुतास व्हय? म्या पदर तोंडात कोंबला. म्हनलं, असली बोली मानसाची न्हवं.”

“ते कालचेच शब्द, नाने.”

“आन तू दारात गप हुबा हुतास तवा मागच्या बोळात कोन म्हनत हुतं?”

“भिंतींचा पडसाद असेल,” मी म्हणालो.

“आसंल.” मग तिने तिच्या पद्धतीने शब्द म्हणून दाखवले. मेन, चीप, पिरनशिपल, फोरमोस, परमाऊन. जरा थांबली. “आन श्येवटाला वायटल.”

मी तिथंच थबकलो. व्हायटल. मला न आठवणारा शब्द तोच. तो मी त्या दिवशी उच्चारल्याचं मला आठवत नाही. भीतीने नकळत तोंडून गेला असेल. तसंच असणार, असं मी आजही स्वतःला सांगतो.

“काय झालं?” नानी म्हणाली.

“काही नाही.”

“मग थांबू नगंस. मागं वळू नगंस. चल.”

मी चालत राहिलो. तिचे हात माझ्या गळ्याभोवती होते आणि ओटीतलं बी माझ्या पाठीवर खुळखुळत होतं. मागे गावात, की माझ्या कानात, कोणी हलक्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती.